सिनेमाचे आवतण

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या राजमार्गावर लोणी, उरुळी, यवत, वरवंड अशी गावे एकामागून एक मागे टाकीत प्रवासी साठ-बासष्ट किलोमीटरवर येतो तेव्हा त्याला पाटस लागते. जुन्या सरकारी दप्तरात हा सारा मुलूख भीमथडी या नावाने नोंदलेला आहे. १८५८ साली पुण्याच्या पुढे दिक्सळपर्यंत लोहमार्ग सुरू झाला आणि या मुलखातून आगगाडी धावू लागली. पाटसच्या नावाचे स्थानक या मार्गावर दौंडच्या अलीकडे आहे. बारामतीकडे जाणारी वाट याच गावाशी फुटते, आणि ज्येष्ठाच्या वद्य पक्षात तुकोबारायांची पालखी याच गावावरून रोटीच्या घाटाकडे वळते. सांगावयाचे ते इतकेच की, अशा गावाला जे काही नवे कळावयाचे ते रस्त्याने चालत येऊनच कळत असे. दुष्काळाची वार्ता असो, सरकारी जाहीरनामा असो, जत्रेची तिथी असो की तमाशाच्या फडाचा मुक्काम असो, कोणी तरी वेशीतून आत यावे, चावडीपुढे उभे राहावे आणि मोठ्याने सांगावे, तेव्हाच ते गावाला ठाऊक होई. सिनेमा या गावांकडे आला तोही असाच, आणि त्याच्या येण्याची खबर ज्या रीतीने दिली गेली त्या रीतीचा इतिहास मला खुद्द चित्रपटांच्या इतिहासाइतकाच मोलाचा वाटतो.

आपल्याकडे घरी कार्य निघाले म्हणजे आवतण देतात. आवतण म्हणजे छापील निमंत्रणपत्रिका नव्हे. घरातील कोणी तरी उंबऱ्यापाशी जाऊन, नाव घेऊन, बायकामुलांसह या असे सांगून येतो, आणि असे सांगणे झाल्यावाचून मानी माणूस पंगतीला पाऊल टाकीत नाही. खेडोपाडी नव्या चित्रपटाची जी जाहिरात होत असे तिचे मूळ व्यापारी कौशल्यात जितके आहे त्याहून अधिक या आवतणाच्या रीतीत आहे, असे माझे मत झाले आहे. ते का झाले हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

पॅरिस शहरी २८ डिसेंबर १८९५ रोजी ल्यूमिएर बंधूंनी ग्रँद कॅफेच्या तळघरात पैसे घेऊन जो पहिला खेळ केला त्याला पहिल्या दिवशी जेमतेम तेहतीस माणसे आली होती. त्या खेळांसाठी ब्रिस्पो नावाच्या चित्रकाराने जे भित्तिपत्रक काढले त्यात पडद्यावरील दृश्य नाहीच. त्यात दाखविली आहे ती दारापुढे लोटलेली माणसांची गर्दी. वस्तू कशी आहे हे न सांगता ती पाहावयास किती लोक आले आहेत हे सांगावे, हे जाहिरातशास्त्रातील सूत्र अशा रीतीने सिनेमाच्या जन्मासोबतच जन्मले. पुढे आपल्या वर्तमानपत्रांतून ‘अलोट गर्दीचा दुसरा आठवडा’ अशी ओळ वर्षानुवर्षे छापली जात राहिली तिचे कुळ थेट त्या पहिल्या भित्तिपत्रकापर्यंत नेऊन भिडविता येते.

सहा-सात महिन्यांत, म्हणजे ७ जुलै १८९६ रोजी, हाच खेळ मुंबईच्या वॉट्सन हॉटेलात झाला. त्याचा दर एक रुपया, आणि त्याची जाहिरात इंग्रजी वृत्तपत्रातून. अर्थातच तो ज्यांच्यासाठी होता ते लोकही तसेच. परंतु आठवडाभरातच खेळाचे स्थान नॉव्हेल्टी थिएटरात हलविले गेले, दर चार आण्यांपर्यंत उतरला आणि पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळी जागा राखल्याचेही जाहीर झाले. ही शेवटची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. कारण आमच्याकडे सिनेमाच्या जाहिरातीत एक वाक्य बायकांना उद्देशून असावयाचेच, आणि घरची माणसे खेळाला येणार की नाही याचा निकाल पुष्कळदा त्या एका वाक्यावर लागत असे.

यानंतर सतरा वर्षे गेली, आणि त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पुरा केला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमात तो सर्वांसाठी खुला झाला. दादासाहेबांना केवळ चित्रपट बनवून भागण्यासारखे नव्हते, चित्रपट पाहावयास यावे ही इच्छाही त्यांनाच निर्माण करावी लागली. आपल्या या पहिल्या कथापटाच्या जोडीला त्या दिवशी एका विलायती बाईचे नृत्य, एक विनोदी प्रवेश आणि पायांनी वस्तू झेलणाऱ्या कसबी माणसाचे प्रयोग ठेवलेले होते. नुसत्या चित्रांवर लोक येतील असा भरवसा धरण्याचे धाडस अद्याप कोणाला होत नव्हते. स्त्रिया व मुले यांना निम्मा दर, अशी सूचना त्याही जाहिरातीत होतीच.

खरी कसोटी लागली ती मुंबईबाहेर. सुरतेस पहिल्या दिवशी अवघे तीन रुपये जमले अशी हकीकत सांगतात. तेथील प्रेक्षकाला दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहण्याची सवय. त्याने तीन आणे देऊन दीड तासाचा मुका खेळ का पाहावा? थिएटरच्या मालकाने सुचविले की दर उतरवा किंवा खेळ लांबवा. दादासाहेबांनी दोन्हीही केले नाही. त्यांनी जाहिरात बदलली, आणि सत्तावन्न हजार छायाचित्रांचा, दोन मैल लांबीचा खेळ अवघ्या तीन आण्यांत, असे लोकांना सांगितले. लोक आले, आणि मिळकत कित्येक पटींनी वाढली.

या जाहिरातीचा हिशेब मी एकदा कागदावर मांडून पाहिला. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३७०० फूट होती आणि त्या मापाच्या फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे बसतात. गुणाकार केला तर ५९,२०० येतात. म्हणजे सत्तावन्न हजार हा आकडा फुगविलेला नव्हता, उलट तो किंचित कमीच होता. दोन मैलांचे मात्र तसे नाही. मैल ५२८० फुटांचा धरला तर सारी फिल्म उलगडूनही पाऊण मैल भरत नाही. चित्रांच्या संख्येत अक्षरशः खरे बोलणारा हा माणूस लांबी सांगताना असा सैल का झाला असावा? मला वाटते, जो शेतकरी-कारागीर वस्तूची किंमत गजावर आणि शेरावर करतो त्याच्याशी त्यालाच कळेल अशा मापात बोलणे दादासाहेबांना प्राप्त होते, आणि मैल हे माप पायी चालणाऱ्या माणसाच्या अंगवळणी पडलेले असते. प्रेक्षकाच्या भाषेत उतरून बोलण्याची ही पहिली शिकस्त होती. तिच्यात सत्याला थोडी ओढ बसली हे कबूल केले तरी तिच्यामागील कळकळ मला आदरणीयच वाटते.

पुढे १९१७ साली दादासाहेबांचा ‘लंकादहन’ आला. अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या, आणि पडद्यावर राम प्रकट होताच लोक पायांतील वहाणा काढून ठेवीत असे सांगतात. पुण्यास या चित्रपटाला एवढी गर्दी लोटली की थिएटरची दारे मोडावयाची वेळ आली, आणि मद्रासेत जमलेल्या नाण्यांच्या गोण्या पोलिसांच्या पहाऱ्यात बैलगाडीतून न्याव्या लागल्या, याही कथा प्रसिद्ध आहेत. बैलगाडीचा उल्लेख मी मुद्दाम करीत आहे. दादासाहेब यंत्र, पडदा आणि फिल्मच्या पेट्या बैलगाडीत घालून खेड्यांपर्यंत जात. शहरात वर्तमानपत्र जे काम करी ते काम खेड्यात त्या गाडीच्या नुसत्या येण्याने होई. गाडी वेशीत शिरली, पोरे तिच्यामागे लागली, आणि सायंकाळपर्यंत गावाला कळले.

आता पुण्याकडे वळू. मंडईनजीक गंगाधरपंत पाठक यांनी १९१५ साली ‘आर्यन’ हे चित्रपटगृह काढले. पुण्यातील हे आद्य चित्रपटगृह. आमच्या भीमथडीतला माणूस कोर्टकचेरीच्या किंवा गुळाभुसाराच्या कामाने पुण्यास गेला म्हणजे मंडईच्या आसपास त्याचा वावर असावयाचाच, आणि तेव्हा ‘आर्यन’च्या दारावरील चित्रे त्याच्या दृष्टीस पडल्यावाचून राहत नसत. ७ फेब्रुवारी १९२० रोजी येथे कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांचा ‘सैरंध्री’ प्रथम प्रकाशित झाला, आणि नव्या चित्रपटाचे स्थानिक थिएटरात स्वागत कसे होते याचा जो पहिला मोठा दाखला आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात आहे तो हाच.

या प्रसंगाची पार्श्वभूमी समजून घेतली पाहिजे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ हे नाटक १९१० साली सरकारने बंद पाडले होते. कीचकाच्या उन्मत्त मूर्तीत लोकांना कर्झनशाही दिसत होती, आणि सरकारलाही ती दिसली. दहा वर्षांनी त्याच कथेवरचा मूकपट पुण्यात लागतो, पडद्यावरचा भीम शब्दही न उच्चारता कीचकाला लोळवितो, आणि ज्या शहरात ‘केसरी’ निघतो त्या शहरातील प्रेक्षक ते पाहत असतो, तेव्हा त्या चित्रपटाला वेगळ्या जाहिरातीची आवश्यकता ती काय उरली असणार? जे नाटक पाहण्याची मनाई होती तेच लोक चित्ररूपाने पाहत होते. लोकमान्य टिळकांनी तो पाहिला, त्याची प्रशंसा केली आणि बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. लोकमान्यांच्या आयुष्याचे ते अखेरचे वर्ष, त्याच साली १ ऑगस्टला ते गेले. कीचकवधाचे दृश्य इतके जिवंत उतरले होते की प्रेक्षागृहात किंकाळ्या उठत आणि पुढे ते दृश्य कापावे लागले असे सांगतात. प्रेक्षकाच्या तोंडून गावभर पसरणारी वार्ता हीच सर्वांत बलवान जाहिरात होय, याचा अनुभव त्या आठवड्यांत पुण्याने घेतला.

परंतु बाबूराव तोंडातोंडी पसरणाऱ्या वार्तेवर विसंबून राहणारे नव्हते. ते मुळात चित्रकार होते. मेस्त्री हे त्यांचे आडनाव मागे पडून ‘पेंटर’ हे त्यांच्या धंद्याचे नावच लोकांनी कायम केले. चित्रपटाची कथा, नटनट्यांची नावे आणि छायाचित्रे असलेली छापील पुस्तिका प्रेक्षकाच्या हाती देण्याचा प्रघात आपल्याकडे त्यांनी पाडला, आणि भित्तिचित्रे ते स्वतः रंगवीत. १९२४ सालच्या त्यांच्या ‘कल्याण खजिना’चे भित्तिपत्रक हे आज उपलब्ध असलेल्या भारतीय चित्रपटांच्या भित्तिपत्रकांतील सर्वांत जुने मानले जाते. वाचता न येणाऱ्याला कथा सांगावयाची तर ती रंगांतून आणि आकृतीच्या आवेशातूनच सांगावी लागते. ब्रिस्पोने गर्दी रंगविली होती, बाबूरावांनी प्रसंग रंगविला. त्यांच्यामागून कोल्हापुरात जी. कांबळे यांच्यासारखे चित्रकार निघाले आणि थिएटरांवरील महाकाय फलकांना त्यांनी कलेची प्रतिष्ठा आणून दिली. छत्रपती शिवाजी महाराजांचे जे चित्र आज सरकारी कचेऱ्यांत दिसते ते याच कांबळ्यांच्या कुंचल्याचे आहे, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते.

गर्दी झाली की मागोमाग सरकारही येतेच. सिनेमाच्या खेळांना परवाना आणि चित्रपटांना तपासणी लागू करणारा कायदा १९१८ साली झाला. करमणुकीवर कर बसविणारा मुंबई इलाख्याचा कायदा १९२३ सालचा, आणि त्याच वर्षीच्या बाबूरावांच्या ‘सिंहगड’ला झालेली अफाट गर्दी पाहूनच महसूलखात्याचे डोळे उघडले असे म्हणतात. परवान्याच्या पायी गावोगाव तंबू ठोकून सिनेमा दाखविणाऱ्या तंबूवाल्यांना जे हेलपाटे घालावे लागत त्यांचे वर्णन करीत बसत नाही. जिल्हा मॅजिस्ट्रेटचा परवाना, पोलिसांचा दाखला, विजेच्या तपासनिसाचा दाखला, आगीचा बंदोबस्त, आणि तिकिटावर कराचा शिक्का, एवढे सांगितले म्हणजे पुरे. आगीची भीती मात्र खोटी नव्हती. जुनी फिल्म नायट्रेटची असे, ठिणगी पडली तर ती भडका घेई आणि विझविता येत नसे.

तुकोबांच्या वाटेवरील गावांना जे आवतण सर्वांत जिव्हाळ्याचे वाटले असेल ते मात्र अजून यावयाचे होते. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली. तिचे बोधचिन्ह आठवा. नेसूच्या लयदार घड्यांत उभी असलेली, तुतारी फुंकणारी ती स्त्री. आपल्या लोकरीतीत तुतारी वाजते ती मिरवणुकीच्या पुढे, देवाच्या छबिन्यापुढे, वऱ्हाडाच्या पुढे, म्हणजे येणाऱ्याची वर्दी देण्यासाठीच. आपल्या चित्रपटाच्या आरंभी हे चिन्ह घालणाऱ्यांना लोकांना कसे बोलवावे हे नीट कळले होते.

१२ डिसेंबर १९३६ रोजी गिरगावच्या सेंट्रल सिनेमात ‘संत तुकाराम’ लागला आणि तो तेथे सत्तावन्न आठवडे चालला. विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक, विष्णुपंत पागनीस तुकाराम आणि गौरी जिजाई. पुढल्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात जगातील तीन उत्कृष्ट चित्रपटांत त्याची गणना झाली. शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी रचलेला एक अभंग लोकांनी तुकोबांच्या गाथेतलाच समजून घेतला, इतका तो त्या वाणीशी एकजीव झाला होता. पाटसच्या रस्त्याने दरसाल ज्यांची पालखी जाते, ज्यांचे अभंग इथल्या म्हातारीलाही जात्यावर येतात, ते तुकोबा पडद्यावर चालताबोलता दिसणार, ही वार्ता या पंचक्रोशीत पोहोचविण्यास कोणत्या कर्ण्याची गरज होती? पडद्याला हात जोडणारा हा प्रेक्षक अडाणी होता असे लिहिणारे लिहोत. मला तर वाटते की आवतण खरे असेल तर पाहुणा ज्या भावाने येतो त्या भावाने तो आला होता.

आता तंबूच्या सिनेमाकडे येतो, कारण खेड्यातील जाहिरातीची खरी कला तंबूवाल्यांनीच वाढविली. पावसाळा सरला, दिवाळी झाली की तंबू बाहेर निघत आणि मृगाच्या तोंडापर्यंत फिरत. मुक्काम कोठे टाकावयाचा हे जत्रांच्या पंचांगावरून ठरे. जेजुरीचा खंडोबा, कुरकुंभची फिरंगाई, शिर्सुफळची शिरसाई अशी देवस्थाने या भागात आहेत, आणि जत्रा म्हटली की पाळणे, मिठाईची दुकाने, कुस्त्यांचा फड आणि तमाशाचा फड यांच्या जोडीने सिनेमाचा तंबू हवाच. गावात वीज नाही, म्हणून तंबूवाल्याचे स्वतःचे इंजिन असे. चार मैलांवरील वस्तीवरल्या माणसाला अंधारातून तो एक दिवा दिसला आणि वाऱ्यावर इंजिनाची धडधड ऐकू आली की आज खेळ आहे हे त्याला समजे. दिवसा मात्र ते समजवावे लागे, आणि त्यासाठी गाडी निघे.

ती गाडी कधी बैलगाडी असे, कधी टांगा, पुढे जीप किंवा रिक्षा. तिच्या दोन्ही अंगांना घराच्या पाख्यांसारखे उतरते फळे बांधलेले, त्यांवर चित्रपटाचे रंगीत कागद खळीने चिकटविलेले, आणि वर कर्णा. गाडीतील माणूस प्रथम ग्रामोफोनची तबकडी लावी. गाणे अर्ध्यावर आणून तो थांबवी, आणि गल्लीतली माणसे पुढचे कडवे ऐकण्यासाठी ओट्यावर आली की बोलू लागे. चित्रपटाचे नाव, त्यातील नटनटी, किती गाणी, किती मारामाऱ्या, पौराणिक की सामाजिक, आजचा पहिला दिवस की अखेरचा. आणि हे सारे सांगून झाल्यावर, आवाज थोडा खाली आणून, स्त्रियांची बसण्याची सोय स्वतंत्र केली आहे हे तो न चुकता सांगे. तंबूत मधोमध कनात लावून बायका-पुरुषांच्या जागा वेगळ्या केलेल्या असत, आणि कोठे कोठे तर पडदाच मध्ये टांगून त्याच्या दोन्ही अंगांना प्रेक्षक बसवीत. नॉव्हेल्टी थिएटरच्या राखीव जागांपासून निघालेले ते एक वाक्य अशा रीतीने पाऊणशे वर्षे प्रवास करून भीमथडीच्या गल्लीबोळांत येऊन पोहोचले होते.

बोलणे संपता संपता गाडीतून हँडबिले उधळली जात. पतंगी कागदाची, गुलाबी, पिवळी, हिरवी, एका बाजूला छापलेली. पोरे त्यांच्यावर झडप घालीत, एकेकाजवळ पाच-पाच जमा होत, आणि ती शाळेच्या पुस्तकांना वेष्टण घालण्यापासून फडताळात अंथरण्यापर्यंत सर्व कामांना येत. कागदाच्या कोऱ्या बाजूवर वाण्याचा हिशेब होई. या सर्व उपयोगांत हँडबिल घरात राही आणि त्यावरील नाव घरातील माणसांच्या डोळ्यांपुढे महिना महिना राही, हे मुद्दाम योजले असते तरी इतके साधले नसते. खेळाच्या आधी तंबूवाला यंत्रापुढे नारळ फोडी, उदबत्ती लावी. आण्या-दोन आण्यांत गाण्यांचे पुस्तक मिळे, आणि ते घेऊन घरी गेलेली मुलगी दुसऱ्या दिवशी विहिरीवर जी गाणी म्हणे ती ऐकून तिच्या चार मैत्रिणी त्या रात्री तंबूत येत.

फिल्मच्या पेटीवर या साऱ्या व्यवहाराचा प्राण अवलंबून असे. हजार-हजार फुटांची रिळे, एका चित्रपटाची चौदा-सोळा, ती लोखंडी पेटीतून आगगाडीने किंवा एस.टी.ने यावयाची. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली ती पुणे-अहमदनगर मार्गावरच. तिच्यामागून तालुक्यातालुक्यात लाल गाड्या पोहोचल्या आणि पेटीची वाट पाहण्याचे ठिकाण स्टेशनाकडून एस.टी.च्या थांब्याकडे सरकले. ‘पेटी आली का?’ हा प्रश्न खेळाच्या दिवशी गावात ज्या उत्कंठेने विचारला जाई त्या उत्कंठेने पोस्टाच्या थैलीविषयीही विचारीत नसत. गाडीवाल्याने चार गावांत सांगून ठेवलेले, माणसे बैल जुंपून निघालेली, आणि पेटी दुसऱ्याच गावी अडकलेली, अशी वेळ आली की तंबूवाला कर्ण्यावरून हात जोडून क्षमा मागे आणि जुन्या चित्रपटाचा खेळ करी. बोलावून उपाशी पाठविणे हे त्याच्याही मनाला लागत असे.

या भागाला आणखी एक वारसा आहे. पाटसच्या अलीकडे पंधरा-एक किलोमीटरवर, याच सोलापूर रस्त्यावर, चौफुला लागतो. तेथील संगीत बाऱ्यांची कलाकेंद्रे प्रसिद्ध आहेत. उत्तरेला जुन्नर तालुक्यात नारायणगाव ही तमाशाची पंढरी. संध्याकाळच्या वगाची वर्दी देत गावातून फेरी काढणे ही तमाशाच्या फडाची जुनी वहिवाट, आणि सिनेमाच्या गाडीने बोलण्याचा ठसका उचलला तो बहुतांशी तेथूनच. म्हणून १९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला तेव्हा त्याचे नावच जाहिरात होऊन बसले, कारण ते हाक मारण्याच्या स्वरातले नाव आहे. पुण्याच्या विजयानंद थिएटरात तो १३१ आठवडे चालला. अडीच वर्षे एकच चित्रपट एकाच थिएटरात! इतकी माणसे केवळ पुण्यातली असणे शक्य नव्हते. जिल्ह्यातून, बाजाराच्या निमित्ताने, गाड्या भरून लोक येत राहिले असतील तेव्हाच हा आकडा उभा राहिला. १९७१ मध्ये दादा कोंडके यांनी ‘सोंगाड्या’ आणला. ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगनाट्याच्या रंगभूमीवरून हा माणूस आला होता, आणि समोरच्या माणसाशी थेट बोलून त्याला आपलेसे करण्याची विद्या त्याच्या हाडीमासी खिळलेली होती. त्याच्या चित्रपटांच्या जाहिरातींत तोच मोकळा आवाज ऐकू येतो. दादरच्या कोहिनूर थिएटरात ‘सोंगाड्या’ला जागा मिळण्यासाठी शिवसेनेला उभे राहावे लागले ही गोष्ट सर्वश्रुत आहे. मराठी चित्रपटाला मराठी मुलखातच पडदा मिळविण्यासाठी भांडावे लागले याची खंत माझ्या मनातून आजही जात नाही.

पुढे घरोघर दूरचित्रवाणी आली, त्यामागून व्हिडिओ आले, आणि तंबूंची संख्या घटत गेली. भीमा सहकारी साखर कारखान्यासारखे कारखाने उभे राहून या पट्ट्यात ऊस आणि पैसा आला, मोटारसायकली आल्या, आणि पुण्याच्या थिएटरात जाऊन परत येणे एका संध्याकाळचे काम झाले. फिल्मची रिळे जाऊन उपग्रहावरून चित्र येऊ लागले तेव्हा पेटीची वाट पाहणेही संपले. महाराष्ट्रातील अखेरच्या काही फिरत्या तंबूंवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी वर्षानुवर्षे त्यांच्यासोबत हिंडून जो माहितीपट केला तो २०१६ साली कान महोत्सवात गौरविला गेला. त्याच वर्षी नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला. मंजुळे करमाळा तालुक्यातील जेऊरचे, आणि जेऊर हे पाटसच्याच लोहमार्गावरील पुढचे एक स्टेशन. ‘सैराट’ची गाणी चित्रपटाआधी मोबाइलमधून गावागावांत पोहोचली होती, वरातींत वाजत होती. गाण्याच्या तबकडीने ओट्यावर माणसे गोळा करणाऱ्या त्या गाडीवाल्याची युक्ती तीच होती, फक्त गाडी आता प्रत्येकाच्या खिशात आली होती. वर्षभराने, १ जुलै २०१७ रोजी, १९२३ पासून चालत आलेला करमणूक कर वस्तू व सेवा करात विलीन झाला आणि तिकिटावरचा तो वेगळा शिक्काही गेला.

पुण्यात, प्रभातच्या जुन्या स्टुडिओपासून जवळच, लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. १९६४ साली ते स्थापन झाले. भित्तिपत्रके आणि गाण्यांची पुस्तके तेथे थंड खोल्यांत, सपाट ठेवून, मोठ्या काळजीने जतन केलेली आहेत. ज्या कागदांचे आयुष्य एका संध्याकाळपुरते योजलेले होते ते कागद असे सांभाळले जात आहेत हे कळल्यावर मला फार बरे वाटले. टांग्यावर उभा राहून, बायकांची सोय वेगळी केली आहे हो, असे सांगत गल्लीगल्लीतून जाणारा आवाज मात्र कोणी उतरवून ठेवलेला नाही. ज्यांनी तो ऐकला ती माणसे अजून या गावांत आहेत, सत्तरी-ऐंशी ओलांडलेली आहेत, आणि एखाद्या पारावर बसून विचारले तर त्यांतील कित्येक जण त्या गाडीवाल्याची सारी जाहिरात, मधल्या गाण्यासकट, एका दमात म्हणून दाखवितील.